गाडी उलाळ होती

सबनीस साहेबांनी मला फसवलं आणि मी धाकू ढेबेला फसवलं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, ताम्हिणीच्या रस्त्यावर झाल्या. पहिलीबद्दल गेली दोन वर्षं मी भेटेल त्याच्यापुढे तोंड वाजवतो आहे. दुसरीबद्दल लोकांपुढे आजवर एक शब्द काढलेला नाही. संपादकांनी मला "धंद्यातल्या गमतीजमती लिहा, लोकांना हसवा" असं सांगितलं होतं. गमती आहेत, त्याही येतील. पण लिहायला बसलो की प्रत्येक गमतीत धाकू आहे, आणि त्याचं नाव कागदावर आलं की हात थांबतो. म्हणून आधीच सांगून टाकलं.

माझा धंदा ओढायचा. पिरंगुटच्या पुढे रस्त्याला लागून माझं वर्कशॉप आहे. ज्या वस्तूला चाकं आहेत पण इंजिन नाही, अशी कुठलीही वस्तू मी बनवतो आणि पिकअपला जोडून सांगाल तिथं पोचवतो. उसाच्या ट्रॉलीपासून सुरुवात केली. मग जनरेटरच्या गाड्या, वडापावच्या गाड्या, होड्यांचे ट्रेलर आणि आता डोंगरात हॉटेलं काढणाऱ्या लोकांसाठी चाकावरच्या केबिन. शिक्षण नववी. वेल्डिंग दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारता मारता शिकलो. भाव करताना मी आवाज चढवतो. समोरचा दचकतो आणि अर्धं काम तिथंच होतं. हा माझा स्वभाव आहे असं लोक म्हणतात. खरं तर ते माझं हत्यार आहे. कधी कुणावर उगारायचं हे मला कळतं, असं मी समजत होतो.

वाचकांना वाटेल, ओढण्यात काय एवढं. वजन किती आहे ते बघायचं, तेवढ्या ताकदीची गाडी लावायची आणि निघायचं. नव्वद टक्के गिऱ्हाईक हेच समजतं. वजन किती आहे हे वजनकाट्याची चिठ्ठी सांगते. ते वजन कुठं आहे, हे कुठलीच चिठ्ठी सांगत नाही. माणसं मरतात ती याच न लिहिलेल्या गोष्टीमुळे.

आमच्याकडे बैलगाडी भरताना म्हातारी माणसं एक गोष्ट आधी बघत. माल मागं जास्त झाला की गाडी मागं बसते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्यातली दोरी त्यांना फासासारखी लागते. याला गाडी उलाळ होणं म्हणतात. माल पुढं जास्त झाला की सगळा भार बैलांच्या मानेवर. ती गाडी धुरजड. ट्रेलरचंही तेच. ट्रेलरचा जो दांडा पिकअपच्या हुकाला जोडतात त्याला आम्ही नाक म्हणतो. एकूण वजनाच्या दहाव्या भागाहून थोडं जास्त वजन त्या नाकावर पडलं पाहिजे. तेवढं पडलं की ट्रेलर शहाण्या गाईसारखा मागून येतो. कमी पडलं की त्याची शेपटी हलायला लागते. पहिल्यांदा वीतभर, मग हातभर, मग सगळा रस्ता व्यापून. शेवटी तो ट्रेलर पिकअपला ओढायला लागतो.

नाकावर किती वजन आहे हे मोजायचे काटे मिळतात. माझ्याकडेही एक आहे. पण वर्कशॉपातला खरा काटा म्हणजे धाकू.

धाकू ताम्हिणीच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यावरचा. माझ्याच वयाचा, म्हणजे पन्नाशी ओलांडलेला, बुटका आणि रुंद. माझ्याकडे आधी हमाल म्हणून आला, मग मी त्याला गाडी शिकवली. पंधरा वर्षं तो माझा ड्रायव्हर होता. कुठलाही ट्रेलर जोडायच्या आधी तो पाय फाकवून उभा राहायचा, दोन्ही हातांनी नाक धरायचा आणि उचलून बघायचा. मग एकच शब्द बोलायचा. "बरी." किंवा "धुरजड." किंवा "उलाळ." एकट्याला उचलायची नाही, पण दुसऱ्यानं हात लावला की उचलायची, ती त्याच्या हिशेबानं बरी. मी अनेकदा काट्यावर पडताळून पाहिलं. काटा आणि धाकू यांचं कधी भांडण झालं नाही.

पिरंगुटजवळच्या चांदे गावातल्या एका सोसायटीत राहणारे एक कॉम्प्युटरवाले साहेब होते, मूळचे लातूरकडचे. समुद्र त्यांनी मोठेपणीच पाहिला आणि लगेच होडी विकत घेतली. ती कोकणात न्यायची होती. होडीचं इंजिन मागं, त्याच्या शेजारी पेट्रोलचे दोन कॅन, बर्फाची पेटी आणि नांगर. धाकूनं एका हातात बिडी धरून दुसऱ्या हातानं नाक उचललं.

"साहेब, तुमची होडी उलट्या तोंडाची हाय."

"काका, मी सगळं कॅलक्युलेट केलंय," साहेब मोबाइल पुढे करत म्हणाले. "टोटल वेट लिमिटच्या खूप खाली आहे."

"आसंल की. पर ती शेपटी हलवणार."

"शेपटी?"

"तुमी मोबाइलमदी बगा, सापडंल."

मला घाई होती. त्या दिवशी आणखी दोन फेऱ्या ठरल्या होत्या. मी म्हटलं, चल, मी चालवतो, तू शेजारी बस. पौडच्या पुढचा चढ चढलो तोवर सगळं ठीक. उतारावर समोरून एक डंपर गेला, त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि होडी हलायला लागली. मी सगळे करतात तेच केलं. ब्रेकवर उभा राहिलो. पिकअप थांबायला बघते आणि मागचा ट्रेलर थांबत नाही, तेव्हा काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. आरशात दिसणारी होडी मला शेजारच्या खिडकीत दिसली.

"पाय काडा!" धाकू ओरडला. "बिरेक न्हाई, बिरेक न्हाई! चाक सरळ धरा नुसतं, फिरवू नगा!"

मी पाय काढला नाही तेव्हा त्यानं माझी मांडी धरून वर ओढली. मी स्टिअरिंग सरळ धरलं, वेग आपोआप कमी होत गेला आणि होडी दोन-चार झोके देऊन गप्प झाली. खाली पोचल्यावर मी रस्त्याच्या कडेला जाऊन ओकलो. धाकूनं तोवर इंजिनाशेजारचे कॅन, पेटी आणि नांगर होडीच्या पुढच्या टोकात नेऊन बांधले होते. नाक उचलून बघितलं आणि म्हणाला, "बरी."

लातूरकर साहेब मागून त्यांच्या मोटारीत येत होते. त्यांनी सगळं मोबाइलवर टिपलं होतं. "काका, एक्सलंट!" म्हणाले. त्यांना तो खेळ वाटला.

त्या दिवसापासून वर्कशॉपात मी नियम केला: धाकू "बरी" म्हणाला नाही तर नाक हुकाला अडकवणारी पिन घालायची नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो. कासारसाईच्या एका लग्नात आम्ही ओढत असलेल्या डीजेच्या ट्रॉलीवर मागच्या बाजूला भोंग्यांची भिंत उभी केलेली होती आणि त्यामागं नवरदेवाचे सात-आठ मित्र नाचत होते. धाकूनं वरात थांबवली. नवरदेवाचा मामा अंगावर आला, "ए, कोन रं तू?" धाकू म्हणाला, "मी कोन न्हाई मामा, पर ही ट्रॉली उलाळ हाय. पोरं खाली उतरवा, न्हाईतर नवरी नटून बसंल आन नवरा दवाखान्यात." पोरं उतरेनात. मग त्यानं मुलीकडच्या चार वजनदार मावश्यांना हात जोडून ट्रॉलीच्या पुढच्या टोकावर बसवलं. मावश्या खूश, पोरांचा नाच चालू, ट्रॉली सरळ. वरात पार पडली. मी दुसऱ्या दिवशी त्या मामाकडून जास्तीची बिदागी धाकूसाठी भांडून घेतली. तेव्हा मी असा होतो, हे मला सांगायचं आहे.

आता सबनीस साहेब. पुण्यातले, गोड बोलणारे, पांढरे बूट घालणारे. ताम्हिणी गावाच्या अलीकडे त्यांनी डोंगराच्या कडेला जागा घेतली होती आणि तिथं पाहुण्यांसाठी चाकावरच्या सहा केबिन ठेवायच्या होत्या. चाकं आणि सांगाडा मी करायचा, वरचं लाकडी खोकं चांद्याचा एक सुतार करायचा, आणि तयार केबिन मी ओढून न्यायची. पहिल्या केबिनीचा नकाशा आला त्यात बाथरूम पुढं होतं. त्या हिशेबानं मी सांगाड्याला चाकं बसवली. सुतारानं खोकं चढवलं तेव्हा बाथरूम मागं होतं.

मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, पुढून व्ह्यू आहे ना! बाथरूममधून कोण दरी बघणार? तुम्ही ॲडजस्ट करा."

ॲडजस्ट म्हणजे चाकं मागं सरकवायची. दोन दिवसांचं काम. पण शनिवारी साहेबांच्या जागेचं उद्घाटन होतं, आणि पहिली केबिन शुक्रवारी पोचली तर उरलेल्या पाच माझ्याच, असं बोलणं झालेलं होतं. ते बोलणं मीच आवाज चढवून करून घेतलं होतं. "पाचच्या पाच द्या, मग शुक्रवारी आणून उभी करतो, नाहीतर दुसरा बघा," असं मी म्हणालो होतो. आता माघार घेतली तर ते दुसरा बघतील. चाकं मी सरकवली नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी केबिन काट्यावर नेली. वजन ठरल्याप्रमाणे. चिठ्ठी खिशात ठेवली. धाकूनं नाक उचलून बघितलं. थोडं उचललं गेलं. त्यानं ते खाली ठेवून परत एकदा उचललं.

"काय रे?"

"काटावर हाय, आण्णा. हळू नेऊ."

काठावर म्हणजे बरी नाही. मला कळलं होतं. मी "बरं" म्हणालो.

रात्री केबिन सुताराच्या आवारात चांद्याला होती. शुक्रवारी सकाळी आम्ही जोडायला गेलो. साहेबांचा मॅनेजर तिथं हजर होता. धाकूनं सवयीनं पाय फाकवले, नाक धरलं आणि ते एकदम वर आलं. त्यानं एक हात सोडला. नाक एका हातात तसंच.

"आण्णा, ही लईच उलाळ हाय. काल येवडी न्हवती."

"रात्रीत कशी बदलेल?"

"मागं कायतरी भरलंया. बाथरूम उगडा."

बाथरूमला कुलूप होतं. मॅनेजर म्हणाला, किल्ली साहेबांकडे आहे, नवीन फरशी खराब होऊ नये म्हणून. मी साहेबांना फोन लावला. "साहेब, बाथरूममधली पाण्याची टाकी भरली का?"

"छे हो. रिकामी आहे. तुम्ही निघालात ना? इथं मंडप लागलाय."

ही त्यांची एक फसवणूक. फेब्रुवारी महिना होता, त्यांच्या जागेवर पाणी नव्हतं, टँकर वेळेवर येत नव्हता. शनिवारी येणाऱ्या पाहुण्यांना नळाला पाणी दिसावं म्हणून त्यांनी रात्री सुताराच्या आवारातल्या पाइपानं पाचशे लिटरची टाकी तोंडापर्यंत भरून घेतली होती. मला खोटं सांगितलं. यावरून मी मनातल्या मनात त्यांना खूप शिव्या दिल्या आहेत. पण केबिनीच्या मागं, खालच्या बाजूला टाकीचा पाणी सोडायचा पाइप होता. त्याला तोटी होती. ती पिळली असती तर मला कळलं असतं. मी तिच्याकडे पाहिलं आणि वाकलो नाही. कारण पाणी असतं तर टाकी रिकामी करण्यात तास गेला असता, साहेबांशी भांडण झालं असतं आणि मॅनेजर ते ऐकत उभा होता. मला खात्री करून घ्यायची नव्हती. माझ्यासारख्या माणसानं, जो खिळ्याचं पाकीटही उघडून मोजून घेतो, त्यानं ती तोटी पिळली नाही.

"पुढं सिमेंटची दोन पोती टाक आणि नीघ," मी म्हणालो.

"पोत्यानं न्हाई भागायचं, आण्णा."

"मग काय, परत नेऊ?"

"तासभर लागंल. कुलूप तोडू. न्हाईतर मी पिन घालत न्हाई. तुमचाच नियम हाय."

मॅनेजर हसला. त्याच्या हसण्यानं माझं डोकं फिरलं, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. डोकं फिरलेलं नव्हतं. हत्यार काढायची ती वेळ आहे असं मला वाटलं, आणि मी ते काढलं.

"धनगरवाड्यावरून आणून तुला स्टिअरिंग दिलं ते मला नियम शिकवायला का? भीती वाटत असेल तर तसं सांग. जा परत शेरडं राखायला. दुसरा ड्रायव्हर बोलावतो."

धाकूनं माझ्याकडे पाहिलंही नाही. दोन पोती उचलून पुढं ठेवली. नाक परत उचलून बघितलं. शब्द बोलला नाही. पिन घातली, साखळी लावली, दिव्याची वायर जोडली आणि गाडीत बसला.

मी माझ्या जीपमधून मागं होतो. पौड गेलं, धरणाचं पाणी दिसायला लागलं. चढावर आणि सपाटीवर केबिन बरी चालली होती. मी मनात म्हणत होतो, बघ, उगाच घाबरत होता. माझ्या जीपचा काटा सबंध रस्ताभर चाळीसच्या खाली होता. हे मी मुद्दाम लिहितो आहे. धाकू तिसऱ्या गियरच्या वर गेलाच नाही.

ताम्हिणीच्या अलीकडे एक लांब उतार आहे. खाली वळणावर कणसं भाजून विकणाऱ्या दोन बायका बसतात. समोरून एसटी आली, ती गेल्यावर केबिनीचा मागचा भाग वीतभर डावीकडे गेला. परत आला. मग हातभर उजवीकडे. मागून मला सगळं स्वच्छ दिसत होतं. पिकअपचे मागचे लाल दिवे एकदाही लागले नाहीत. त्यानं ब्रेकला हात लावला नाही, पाय लावला नाही. स्टिअरिंग सरळ धरून तो गियर खाली घेत होता. मला शिकवलेलं सगळं तो स्वतः करत होता. पण मागं पाचशे लिटर पाणी होतं, उतार होता आणि नाकावर काही नव्हतं. केबिन रस्ताभर फिरायला लागली.

त्या बायका उठून उभ्या राहिल्या. पळायला जागा नव्हती, मागं दरी. तेव्हा धाकूनं डोंगराच्या बाजूचा चर बघितला आणि पिकअप त्यात घातली. आवाज फार मोठा झाला नाही. केबिन आडवी झाली, तिनं पिकअपला एका कुशीवर पाडलं आणि थांबली.

मी पळत गेलो. धाकू काच फोडून बाहेर येत होता. उजवा हात कोपराखाली वाकडा झालेला. दोन्ही बायका ठीक होत्या, एकीची शेगडी उलटली होती. त्यांतली म्हातारी मला म्हणाली, "बाबा, त्यानं आमाला वाचिवलं." आणि मग ते दिसलं. केबिनीच्या फुटलेल्या मागच्या कोपऱ्यातून पाणी येत होतं. फेब्रुवारीतल्या कोरड्या ठणठणीत डांबरावरून पाणी वाहत उतरत होतं, कणसांच्या राखेतून, माझ्या चपलांखालून. धाकू हात छातीशी धरून ते बघत होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. रस्त्यानं जाणाऱ्या एका जीपनं त्याला पौडच्या दवाखान्यात नेलं.

पोलीस यायला दीड तास लागला. साहेब त्याआधी आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाण्याचा विषय काढू नका. इन्शुरन्सवाले आधी लोडिंग बघतील, मग तुमचा सांगाडा बघतील. चाकं चुकीच्या जागी आहेत, हो ना? आपण दोघंही अडकू. बाकीच्या पाच केबिन तुमच्याच आहेत."

ऊन कडक होतं. हवालदार आले तोवर रस्ता वाळला होता.

त्यांनी मला विचारलं, "कसं झालं?"

मी खिशातून काट्याची चिठ्ठी काढली. "वजन बरोबर होतं, ही बघा चिठ्ठी. ड्रायव्हरनं उतारावर पळवली."

चिठ्ठी खरी होती. त्यावरची तारीख खरी, आकडा खरा. इतक्या खऱ्या कागदावर मी आयुष्यात इतकं खोटं बोललो नव्हतो. हवालदारांनी चिठ्ठी जोडली, मी सही केली. कणसंवाल्या बायकांना कुणी विचारलं नाही. विचारू नये म्हणून मी त्यांच्यापुढे उभा होतो.

धाकूचं लायसन्स सहा महिन्यांसाठी गेलं. ते परत मिळालं, पण पिरंगुट ते पौड एवढ्या पट्ट्यात बातमी पसरायला सहा दिवसही लागले नव्हते. "धाकू पळवतो." ज्याच्यामुळे शेकडो गाड्या सरळ गेल्या, त्याला कुणी रिकामी ट्रॉलीसुद्धा देईना. लोक मला विचारत, आणि मी होकाराची मान हलवत असे. हात जुळला, पण मनगट नीट फिरत नाही. तो आता वाड्यावरच असतो. हिरडा गोळा करतो, भातलावणीला रोजानं जातो.

आणि साहेबांनी उरलेल्या पाच केबिन दुसऱ्याकडून करून घेतल्या. "अपघातानंतर लोक घाबरतात हो," म्हणाले. हीच माझी दोन वर्षांची बोंब. चहाच्या टपरीवर, लग्नात, ग्रामसभेत, सबनीसनं मला कसं बनवलं हे मी सांगत फिरलो. टाकीची गोष्ट मात्र गाळून. कारण टाकी सांगितली की धाकू सांगावा लागतो. एक प्रश्न मी स्वतःला टाळत आलो, तोही इथं लिहितो. त्या पाच केबिन मला मिळाल्या असत्या तर मी हा लेख लिहिला असता का? मला माहीत नाही. बहुधा नाही. याची लाज मला त्या सहीपेक्षा जास्त वाटते.

या श्रावणात मी वाड्यावर गेलो. धाकूची बायको जनाबाई दारात तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"आज कसली चिठ्ठी दाकवाय आलाय, आण्णा?"

"वहिनी, धाकू आहे का?"

"हाय. त्यो कुटं जातुय? त्याला कोन नेतंय?"

धाकू आतून आला. आम्ही पडवीत बसलो. मी त्याला परत कामावर ये म्हणालो. हात बघायला पुण्याच्या डॉक्टरकडे नेतो म्हणालो. तो ऐकत राहिला. नंतर म्हणाला, "पानी व्हतं ना?"

"होतं."

"तुमाला सकाळीच कळलं व्हतं ना?"

मी म्हणालो, "कळून घेतलं नाही."

"हां." त्यानं मान डोलवली. "मला बी म्हाईत व्हतं. तरी म्या पिन घातली. तुमी शेरडं म्हनला, मला राग आला. रागानं घातली. त्येवडी चूक माजी."

"तुझी काही चूक नाही रे."

"ती माजी मी बगतो. तुमी तुमचं बगा." मग आवाज न चढवता तो म्हणाला, "मला काम नगं, डाक्टर बी नगं. मी पळवत न्हवतो, येवडं सांगा."

"कुणाला सांगू?"

"ज्येला खोटं सांगितलं त्येला. आन ज्येंच्याफुडं मान हलवली, त्या समद्यास्नी."

मी ठाण्यात गेलो. तिथले हवालदार बदलले आहेत. नव्या साहेबांनी कागद काढून दाखवला, प्रकरण कधीच मिटलं आहे म्हणाले, जबाब बदलायचा तर लेखी द्या. लेखी दिलं आहे. उत्तर आलेलं नाही. ज्यांच्यापुढे मान हलवली ते मात्र एवढे आहेत की एकेकाला गाठायला जन्म जाईल. म्हणून इथं छापून देतो आहे. पिरंगुट, पौड, चांदे, कासारसाई, जिथं जिथं माझे ट्रेलर आहेत, तिथल्या सगळ्यांना सांगतो: धाकू ढेबे पळवत नव्हता. वेग चाळीसच्या आत होता. दोन बायका आज जिवंत आहेत त्या त्याच्यामुळे. मी पोलिसांना खोटं सांगितलं.

सबनीस साहेब, तुमच्याशी थोडं बोलायचं राहिलं. त्या केबिनीचा सांगाडा तुम्ही भंगारात काढायला सांगितला होता. मी काढला नाही. सरळ करून वर्कशॉपच्या दारात रस्त्याच्या कडेला उभा केला आहे. चाकं मी बसवली होती तिथंच आहेत. खोक्याचं वजन जिथं जिथं होतं तिथं तेवढ्या वजनाची पोती मांडली आहेत, मागं पाचशे लिटरची टाकी बसवून तोंडापर्यंत भरली आहे. तुम्ही सुताराला दिलेला, बाथरूम मागं नेल्याचा नकाशा आणि मी चाकं न सरकवल्याची कबुली, दोन्ही कागद त्याला चिकटवले आहेत. येणारा-जाणारा थांबून नाक उचलून बघतो. काल एका शाळकरी पोरीनं उचललं.

तुम्ही या. ज्यांच्यापुढे मी मान हलवली त्यांना मी बोलावतो, धाकूला न्यायला मी स्वतः वाड्यावर जातो. सगळ्यांसमोर आधी तुम्ही ते नाक उचला आणि टाकी कुणी भरायला लावली ते सांगा. मग मी उचलतो, आणि तोटी का पिळली नाही ते सांगतो. तुम्ही आला नाहीत तरी मी उचलणार आहे. पण तुम्ही या, साहेब. पाणी तुमचं होतं.